भिंगरीची झोप आणि माझा फोन

शनिवार, ४ तारीख

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, तर वरच्या टेलरबाई! पाहुण्यांचा अजून पत्ता नाही आणि ह्या गळ्यात मोजपट्टी लटकवून दारात हजर. "आली का गं भिंगरी?" म्हटलं, अजून गाडीत असतील. तर म्हणे, "मग मी बसते." आणि बसल्या की! खालच्या मजल्यावरच्या नवराबायकोचं परवा काय वाजलं ते साग्रसंगीत सांगितलं. ते उद्या लिहीन, आज मनात जागा नाही.

मग बेल. पुढे लेक, मागे जावई, आणि जावयाच्या खांद्यावर माझी नात! भिंगरी नाव मीच ठेवलंय. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, ते शाळेत कामाला येईल. दोन वर्षं होऊन गेली पण एका जागी ठरेल तर शपथ. मी हात पुढे केले. तिने मला बघितलं. मग आईच्या पर्सकडे बघितलं. परत मला! एरवी मी पर्समध्ये असते ना, फोनच्या आत. ही बाहेर कशी आली, असा विचार चाललेला दिसत होता. टेलरबाई पोट धरून हसल्या. मी पण हसले. मग एकदम ओळख पटली आणि अशी काही मिठी मारलीय पोरीने गळ्याला— चष्मा वाकडा झाला. असू दे वाकडा!

लेक मात्र पार उतरलीय. डोळ्यांखाली काळं. ती शहर बस चालवते, पहाटेची पाळी. जावई बेकरीत, रात्रपाळी. म्हणजे भिंगरीला निजवायचं ते हिने एकटीनेच. आणि भिंगरी काही निजत नाही! मोबाइल काढला की भोकाड, दिला की डोळे टक्क. अंधारात तो उजेड तोंडावर, आणि झोप गेली गावाला.

परवा लेकीला सिग्नलला डुलकी लागली म्हणे. बस माणसांनी भरलेली. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा जाग आली. हे तिने चहा पिता पिता सांगितलं, दूध उतू गेलं असं सांगावं तसं. स्वतःहून रजा टाकली तिने. "आई, हिची झोप रुळावर येईपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावणार नाही. पण रजा तीनच आठवडे आहे."

डॉक्टरबाईंनी सांगितलंय— झोपायच्या आधी तासभर कसलाच स्क्रीन नको. टीव्ही नाही, मोबाइल नाही, टॅब नाही. दिवे बारीक. आणि रोज तोच क्रम— अंघोळ, दूध, दात, गादी.

मी विचारलं, "आणि आपला फोन?"

आपला फोन म्हणजे, रोज रात्री त्यांची जेवणं झाली की लेक मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा करते आणि मी इकडून भिंगरीला खेळ दाखवते. लोकांचा दिवस मावळतो तेव्हा माझा उगवतो.

लेक म्हणाली, "बघू गं आई."

बघू! ह्या बघूचं मला काही बरं वाटलं नाही.

रविवार, ५

जावई परत गेले, आज त्यांची पाळी. जाताना म्हणाले, "आई, तुमच्या स्वाधीन केलंय." म्हटलं, "कोणाला? लेकीला की नातीला?" तर म्हणे, "दोघींना. जी आधी झोपेल तिला माझा नमस्कार." चांगला आहे माणूस. पिठाचा वास येतो अंगाला, बरं वाटतं.

संध्याकाळी मोबाइल बंद. भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. शेवटी रडून रडून थकून झोपली. ती झोप म्हणायची नाही, हरणं म्हणायचं.

मंगळवार, ७

आधी आमच्या घरचा राक्षस बांधला. म्हणजे टीव्ही. यांचं आणि टीव्हीचं लग्न लागलेलं आहे, मी आपली पाहुणी. रिमोट उचलून मी पिठाच्या डब्यामागे ठेवला. हे म्हणाले, "बातम्या तरी?" म्हटलं, "जगाचं काय व्हायचं ते सकाळी पण कळेल." टीव्हीवर चादर टाकली, इस्पितळातल्यासारखी कोपरे दुमडून. मी आयुष्यभर इस्पितळाच्या धुलाईत चादरींच्या घड्या घातल्या, तेव्हा हात तसेच चालतात. भिंगरी गेली, चादरीचं टोक उचललं आणि टीव्हीला म्हणाली, "ऊठ!"

हसू नको म्हणून लेकीने डोळे वटारले. मी तोंड फिरवून हसले.

दुपारी जेवणानंतर थोडा वेळ तिला तिचं कार्टून लावून देतो, आणि कोणीतरी शेजारी बसायचं. "आता हे शेवटचं" म्हणून आधीच सांगायचं, बंदचं बटण तिनेच दाबायचं. ऐटीत दाबते हो! टाटा करते. मालकीण झाल्यासारखं वाटतं तिला. दुपारचं हे छान जमलंय. संध्याकाळचं काही केल्या नाही.

बुधवार, ८

काल टॅबचा उजेड दिसला न्हाणीच्या दाराखालून! लेकीने दार ठोठावलं. "बाबा, आत काय चाललंय?" हे आत बसून लिफ्टचे व्हिडिओ बघत होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या तरी हौस फिटली नाही. बाहेर आले ते शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे. "आवाज बंद होता," म्हणे. टॅबही जप्त!

पण हेही कारण नव्हतं. कारण आजही तेच. अंघोळ झाली, दूध झालं, दात झाले, दिवा बारीक केला. लेक गादीवर घेऊन पडली, मी पायाशी बसले. भिंगरीचे डोळे बंद होत आले... मग माझ्याकडे वळले आणि बत्त्या लागल्यासारखे! उठली, नाचली, पलंगावरून उड्या. किती वेळ चाललं देव जाणे.

शुक्रवार, १०

आज भांडण झालं. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

लेक म्हणाली, "आई, खरं सांग. तू हिला गुपचूप मोबाइल दाखवतेस का?"

मी म्हटलं, "माझी मी शपथ घेऊ का आता?"

"मग सगळं बंद असून ही अशी चेकाळते कशी? माझ्या पाठीमागे तुमचं काहीतरी चालतं. लाड करायला तुम्ही, आणि पहाटे बस चालवायला मी."

हे मधे बोलायला गेले, तर दोघींनी एकदम "तुम्ही गप्प बसा!" केलं. तेवढ्यापुरतं आमचं एकमत.

मी चौथी पास, तेही ढकललेली. डॉक्टरबाईंसारखं मला कळत नाही. पण चोरून मोबाइल दाखवीन? माझ्या पोरीची बस भरलेली असते हे मला कळत नाही? आत जाऊन उशांचे अभ्रे बदलले. स्वच्छच होते, तरी बदलले. नंतर लेक येऊन मागून खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली.

तिच्या रजेचा पहिला आठवडा गेलाच की.

शनिवार, ११

टेलरबाईंना ताप. संध्याकाळी त्यांच्याकडे मऊ भात घेऊन गेले तर सोडेनात. शिवणाचं एक गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं होतं, त्याची बटणं मीच लावली. खाली यायला उशीर झाला. दार उघडलं तर घर चिडीचूप. लेक स्वयंपाकघरात पाय वर घेऊन बसलेली आणि तोंडभर हसतेय.

"आई, झोपली! दूध पिता पिता झोपली! रडली नाही, काही नाही!"

आम्ही दोघींनी तोंडावर हात ठेवून उड्या मारल्या. खालचे लोक काय म्हणाले असतील!

सोमवार, १३

काल मी घरी. भिंगरी टक्क जागी.

आज पुन्हा वर गेले, टेलरबाईंना बघायला. भिंगरी लगेच झोपली.

मन थाऱ्यावर नाही.

मंगळवार, १४

मी काही विचारलं नव्हतं. टेलरबाई सुईत दोरा ओवता ओवता आपणहून म्हणाल्या, "अगं, त्या पोरीचा टीव्ही म्हणजे तूच की!"

मी म्हटलं, "ताप डोक्यात गेलाय तुमच्या."

"बघ विचार करून. पोरगी जन्मल्यापासून रात्री जेवण झालं की तुझं तोंड बघते. तू काय काय करतेस त्या फोनवर, मला काय ऐकू येत नाही वर?"

काय करते मी? चाळणी डोक्यावर घालून राजा होते. पंजाला मोजा चढवून ससा करते. गाल फुगवून फुस्सकन फोडते. टेबलाखाली जाते आणि एकदम उगवते— गुडघे दुखतात तरी उगवते! लहान पोरगं फोनमध्ये कितीसं बघणार? नुसतं "जेवलीस का" विचारलं तर पळून जाईल. म्हणून मी रोज नवं काहीतरी काढायचे. दुपारपासून विचार करायचे की आज काय काढू. ती तिकडे खिदळायची आणि माझं पोट भरायचं.

म्हणजे सगळ्या जगाने तिला झोपवायचं त्या वेळेला मी तिची सर्कस लावायचे. आता सर्कस घरातच आलीय म्हटल्यावर कोण झोपेल? मी तरी झोपले असते का!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सांगू कोणाला?

बुधवार, १५

लेकीला सांगितलं. तिने भांडं तसंच हातात धरून ऐकलं. मला वाटलं होतं "काहीतरीच काय आई" म्हणेल. म्हणाली नाही. रात्रीच्या फोनचं तिच्या आधीच लक्षात आलं असणार. म्हणूनच तो "बघू"!

मीच म्हटलं, "मी संध्याकाळी वर जाऊन बसत जाईन." ती म्हणाली, "तुझ्याच घरातून तुला घालवायचं का?" म्हटलं, "झोपू दे गं पोरीला. तू पण झोप."

शुक्रवार, १७

तीन आठवड्यांसाठी नात घरात आणि तिच्या सगळ्यात गोड वेळेला मी दुसऱ्यांच्या घरी काजं करत बसते! वर बसून कान खाली. पाण्याचा नळ वाजला— अंघोळ झाली. पावलं धडधडली— दात घासायला पळाली. मग गप्प. टेलरबाई म्हणाल्या, "काज वाकडं घातलंस, उसव." उसवलं.

आणि माहितीय का, तिला कोण झोपवतंय? हे! लेकीने यांना पायाशी बसवलं. हे तिला लिफ्टचे भाग सांगतात. दोर, कप्पी, वजनाचा डबा, मग दोर कसा कप्पीवरून जातो... भिंगरी डब्यापर्यंत पण पोचत नाही! लग्न झाल्यापासून मला जे औषध रोज मिळतंय ते तिला आता मिळालं. हे मात्र असे मिरवतायत जसे काही डॉक्टर. "तंत्र आहे त्यात," म्हणे. कसलं तंत्र, कंटाळा आहे तो!

जळले मी. खरं ते खरं.

शनिवार, १८

कंटाळा! रात्रभर हाच शब्द डोक्यात. हे कंटाळवाणे आहेत म्हणून जमतं. मग मी का नाही होऊ शकत कंटाळवाणी?

रविवार, १९

लेकीला म्हटलं, मला एकदा बसू दे. ती म्हणाली, "आई, तुला जमायचं नाही. तुझं तोंड गप्प बसतच नाही. बोललं नाही तरी बोलतं." म्हटलं, "पैज!"

हरले. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. तिने खालून वाकून माझं तोंड शोधलं आणि म्हणाली, "चाळणी?" काय तो आवाज! माझे गाल आपोआप फुगले. फुगले ते फुगले, फुस्स पण झाले. झालं! पलंगावर उड्या सुरू. लेकीने मला हाताला धरून बाहेर काढलं, आणि दार लावता लावता तीच हसायला लागली.

यांना पुन्हा आत पाठवलं. दोर, कप्पी...

मंगळवार, २१

काल पण नाही जमलं. मी हसले नाही, पण तिला वाटलं आजी रुसली. ओठ काढले. त्यापेक्षा उड्या बऱ्या होत्या! तिला रडवून निजवायचं नाही मला. पहिल्या दिवशी बघितलं तेवढं पुरे.

आज विचार केला, तोंडाची भानगड आहे तर तोंड दाखवायचंच कशाला? पलंगाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून बसले आणि पुढ्यात धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेतला. घड्या घालायला लागले. धुलाईत घालायचे तशा— टोक टोकाला, हात फिरवायचा, पुन्हा टोक टोकाला. ह्यापेक्षा कंटाळवाणं काम जगात नाही. आमच्यातली एक बाई उभ्या उभ्या झोपायची घड्या घालताना.

"आजी?"

"हं."

"चाळणी?"

"चाळणी झोपली. सकाळी उठेल."

मागे धुसफूस. एक पाय माझ्या कमरेत. मग दुसरा. मी टॉवेल घेतला, टोक टोकाला. लेक काही बोलेना, मीही बोलेना. बोलायचं कितीतरी होतं हो, जीभ नुसती चुळबुळत होती! मग पाय थांबले. मग माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. डोकं! गरम, दुधाचा वास येणारं, ओल्या केसांचं. हळूहळू जड होत गेलं.

फोनमध्ये तिला वजन नव्हतं.

हातातला टॉवेल तसाच धरून बसले. पाठ आखडली, मुंग्या आल्या, नाक खाजत होतं. लेकीने अलगद उचलून तिला उशीवर ठेवलं तेव्हा माझी पाठ गार पडली.

आता बाहेर येऊन लिहितेय. कंटाळवाणी म्हणून पास झाले! आयुष्यात पहिल्यांदा ढकलल्याशिवाय पास.

बुधवार, २२

आजही! पाठ, घड्या, डोकं. हे नाराज. लिफ्ट बंद पडली म्हणे.

गुरुवार, २३

सकाळी मात्र सगळी वसुली. चाळणी, ससा, फुस्स, टेबलाखालून दोघी उगवतो. पोटभर. भूक सकाळी भागली की संध्याकाळी मागत नाही. लेक उशिरापर्यंत झोपून होती. तोंडावर तजेला आलाय. केस धुतले, नखं कापली, आरशासमोर गुणगुणत होती.

मग बॅग भरायला घेतली तेव्हा म्हणाली, "आई, फोनचं..."

"मला माहितीय."

"तिथे तू पाठ करून बसलीस तर फोनवर काय दिसणार?"

"पाठच दिसेल!" दोघी हसलो. पण हसून संपलं तरी ते होतंच.

सकाळी फोन करावा तर लेक पहाटेच बाहेर. दुपारी भिंगरी पाळणाघरात आणि लेक आडवी. संध्याकाळी स्वयंपाक, मग झोपायची तयारी. राहतो तो सुट्टीचा दिवस. मीच म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी सकाळी करत जाऊ. रोजचा बंद." जखमेवरची पट्टी ओढतात तसं झटकन म्हणून टाकलं. लेकीने बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली. "चालेल तुला?"

"न चालायला काय झालं?" असं म्हणून मी भाजी ढवळायला गेले. भाजी कधीच उतरवलेली होती.

शनिवार, २५

गेले. जावई न्यायला आले होते, सोबत पाव. भिंगरी गाडीच्या काचेतून हात हलवत होती, बंदचं बटण दाबल्यावर करते तसा टाटा.

रविवार, २६

टीव्हीवरची चादर काढली. हे बातम्या लावून बसले आणि थोड्या वेळाने आपणच बंद करून टाकल्या. "काही दम नाही," म्हणे.

सोमवार, २७

ती वेळ झाली की मी आपली ओटा पुसते. पुसलेलाच पुसते. हे म्हणाले, "काय शोधतेस?" म्हटलं, काही नाही. आज लेकीची पहिली पाळी होती.

मंगळवार, २८

दुपारी मनात आलं की हातमोज्याचा कोंबडा छान होईल. मग आठवलं.

गुरुवार, ३०

आज त्याच वेळेला फोन वाजला! वाटलं, जागी असणार. घाईघाईने उचलला तर पडद्यावर काहीच नाही, नुसता अंधार, आणि लेकीचा दबका आवाज. "आई, ती कधीच झोपली. मी माझ्यासाठी केलाय. तोंड नको दाखवू, कानाला लाव." लावला. दोन वर्षं ह्या फोनमध्ये मी भिंगरीलाच बघत आले, मागे भांडी घासणाऱ्या हिची नुसती पाठ दिसायची. म्हणाली, "बस नीट चालवतेय, काळजी करू नको. तू कशी आहेस?" म्हटलं, "आधी तू सांग." तीच बोलत राहिली, किती वेळ, मी "हं, हं" करत ऐकत राहिले. येत्या सोळा तारखेला येतायत, रविवारी.